दहा रुपयांच्या पुढचे सुर्वे

नारायण सुर्वे यांच्याविषयी मराठी वाचकाला दोन गोष्टी हमखास ठाऊक असतात. पहिली, ते रस्त्यावर सापडलेले मूल होते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना उचलून घरी आणले, आपले नाव दिले. दुसरी, गिरणीतून निवृत्त होऊन गंगाराम आणि काशीबाई कोकणात गावी जायला निघाले तेव्हा चौथीपर्यंत शिकलेल्या या मुलाच्या हातावर त्यांनी दहा रुपये ठेवले. मुंबईच्या रस्त्यावर त्याचे पुढचे आयुष्य सुरू झाले ते त्या दहा रुपयांवर. सत्काराच्या भाषणात, शाळेच्या भित्तिपत्रकावर, मृत्युलेखात, जयंतीच्या फलकावर या दोन गोष्टी येतातच. त्यांच्या कवितेची एकही ओळ ज्याला आठवत नाही, त्यालाही दहा रुपये आठवतात.

या दोन गोष्टी खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. माझी तक्रार आपल्या वाचनाबद्दल आहे. सुर्व्यांनी आपल्या पूर्वायुष्याबद्दल निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या रूपांत जे सांगितले, ते सगळे आपण या दोन गोष्टींच्या पिशवीत कोंबले आहे. परिणामी त्यांची कविता एखाद्या दाखल्यासारखी वाचली जाते: हा माणूस खरोखर उपाशी राहिला होता, खरोखर फुटपाथवर झोपला होता, म्हणून ही कविता अस्सल. अस्सलपणाचा शिक्का एकदा बसला की कविता उलगडून पाहायची गरज कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात मी तो शिक्का थोडा बाजूला ठेवून, सुर्वे स्वतःबद्दल बोलताना नेमके काय उघड करतात आणि काय दुसऱ्याच कोणाच्या तोंडी घालतात, हे पाहणार आहे.

आधी मी हे कोठून वाचतो ते सांगितलेले बरे. मी कॉटन ग्रीनला राहतो. हार्बर लाइनवरच्या या स्टेशनाच्या नावातले ‘ग्रीन’ म्हणजे हिरवा रंग नव्हे, मैदान. फोर्टात सेंट थॉमस चर्चजवळच्या मोकळ्या मैदानात पूर्वी कापसाच्या गाठी उतरत. तेथून हा बाजार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कुलाब्याकडे गेला, आणि विसाव्या शतकात पोर्ट ट्रस्टने शिवडी-माझगावच्या बाजूला समुद्रात भर घालून काढलेल्या जमिनीवर येऊन थांबला. मैदान मागेच राहिले, नाव मात्र बाजाराबरोबर चालत आले. पूर्वेला गोदामे, पश्चिमेला काळाचौकी, तेथून पुढे लालबाग, चिंचपोकळी, परळ. गाठी इकडे उतरायच्या आणि सूत तिकडे निघायचे. सुर्व्यांच्या कवितेतला भोंगा, साचा, पाळी, बॉबिन यांचा मुलूख तो. आमची बाजू त्या मुलखाची मागची, कच्च्या मालाची बाजू. कवितेत ती फारशी येत नाही. हमालीवर कविता करायला कोणाला सुचत नसावे, किंवा पाठीवर गाठ असताना सुचले तरी लिहिता येत नसावे.

याच भागातल्या एका रात्रशाळेत मी बरीच वर्षे मराठी शिकवले. वर्गातली मुले दिवसा कामावर जाणारी: कोणी कुरिअरचा, कोणी वडापावच्या गाडीवरचा, कोणी गोदामात पावत्या फाडणारा. सुर्वे शिकवताना मी शिरस्त्याप्रमाणे आधी चरित्र सांगितले. दहा रुपयांपाशी आलो तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, मग त्या दहा रुपयांचं त्यांनी केलं काय?” वर्ग हसला. मला तो प्रश्न अजून फार नेमका वाटतो. महिन्याचा पगार किती पुरतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो सुचणार. दंतकथा तळहातापाशी थांबते. दहा रुपये किती दिवस पुरले, कशात गेले, त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मुलगा कोठे उभा होता, यात दंतकथेला रस नसतो. तिला पुढे पद्मश्रीकडे जायची घाई असते.

आणि पुढचा पल्ला लहान नाही. सुर्व्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९२६ चा मानला जातो. पहिला संग्रह ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आला १९६२ मध्ये, म्हणजे कवी छत्तिशीत असताना. आईवडील गावी गेले तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा होता असे धरले, तर मध्ये जवळजवळ पाव शतक जाते. घरगडी, हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या, लोकांची मुले आणि कुत्री सांभाळणारा, दूध टाकणारा, पत्रे उचलणारा, गिरणीतला कामगार, मग महापालिकेच्या शाळेतला शिपाई. तिशी ओलांडत असताना व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास. १९६१ मध्ये शिक्षक. या यादीतला सगळ्यात विलक्षण टप्पा मला शिपाई ते शिक्षक हा वाटतो. शाळेची घंटा वाजवणाऱ्या माणसाने नोकरी करता करता परीक्षा द्यावी आणि फळ्यासमोर जाऊन उभे राहावे, ही गोष्ट दहा रुपयांपेक्षा कितीतरी मोठी आहे. पण तिच्यात रडू येण्याजोगे काही नाही. ती चिकाटीची गोष्ट आहे, आणि चिकाटीची दंतकथा होत नाही.

आता कवितांकडे येतो. १९६६ च्या ‘माझे विद्यापीठ’ या संग्रहातली त्याच नावाची दीर्घ कविता हे सुर्व्यांचे सगळ्यात प्रसिद्ध आत्मकथन. शीर्षकामागे गॉर्की उभा आहे हे उघडच आहे. ‘बालपण’, ‘जनांमध्ये’ आणि ‘माझी विद्यापीठे’ या गॉर्कीच्या आत्मचरित्रत्रयीतला शेवटचा भाग १९२३ चा. कझान शहरात विद्यापीठात शिकायला म्हणून गेलेला तरुण विद्यापीठाच्या दारात न शिरता बेकरीत, धक्क्यावर, गुप्त वाचनमंडळांत शिकतो. गॉर्कीने शीर्षकात अनेकवचन वापरले. सुर्व्यांनी ते एकवचनी केले, आणि मला हा फरक निव्वळ भाषांतराचा वाटत नाही. गॉर्की जागोजाग भटकला. सुर्व्यांचे विद्यापीठ एकच: चिंचपोकळी ते परळ चालत जाऊन येण्याइतके.

ही कविता सुरू होते ती घरही नव्हते आणि नातलगही नव्हते असे सांगत. उघड्यावरची जमीन, दुकानांचे आडोसे, पालिकेचा फुकटचा फुटपाथ हेच काय ते. रात्रशाळेत ही कविता दुसऱ्या-तिसऱ्यांदा वाचताना मला एक गोष्ट खटकू लागली. नातलग नव्हते? मग गंगाराम आणि काशीबाई कोण होते? ज्यांनी टाकलेले मूल उचलले, भरवले, आजारपणात उशाशी बसले असतील, शाळेत नाव घातले, ती दोन माणसे या कवितेच्या उंबरठ्याबाहेर उभी आहेत. चरित्र सांगणारा वक्ता आधी गंगारामांचे गुणगान करतो आणि लगेच ही कविता म्हणतो, तेव्हा दोन्हींत मेळ नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही.

एक सोपे उत्तर असे की कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे. वर्गात हे वाक्य फार उपयोगी पडते, परीक्षेतही गुण मिळवून देते. पण ‘माझे विद्यापीठ’ला ते लावून मोकळे होता येत नाही. ही कविता स्वतःला चरित्र म्हणूनच सादर करते. तिच्यात माणसे नावानिशी येतात, काळ येतो, दंगल येते. तेव्हा हा ‘मी’ कोणता, हे त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या ‘मीं’ना भेटूनच ठरवावे लागेल.

त्यांतला पहिला ‘मी’ पुष्कळांच्या कानावरून गेलेला आहे, पण तो सुर्व्यांचा म्हणून क्वचित ओळखला जातो. ‘डोंगरी शेत’ हे गाणे. छापील कवी म्हणून नाव होण्याआधी सुर्वे या गाण्यातून महाराष्ट्रभर पोहोचले. त्यात बोलते एक बाई, डोंगरउतारावरचे शेत बेणणारी. राबणे तिचे, पीक दुसऱ्याचे, असा तिचा सवाल. मुंबईच्या रस्त्यावर वाढलेला, शेताशी संबंध नसलेला तरुण पहिल्यांदा मनापासून ‘मी’ म्हणतो तो कोकणातल्या वाटावा अशा एका शेतकरणीच्या तोंडाने. हे गाणे चळवळीच्या गरजेतून आले, हे खरे. पण गरजेतून आलेल्या गाण्यांत माणूस कोणाचा आवाज निवडतो हे तरी पाहावेच.

दुसरा ‘मी’ गिरणीत जाणाऱ्या आईवरच्या कवितेतला. पहाटे भोंगे वाजले की आई पायांना वेग देत निघते, मागे वळून पाहते, मुलांना दंगा करू नका म्हणून बजावते. दसऱ्याला ती पाचही मुलांना गिरणी दाखवायला नेते. गिरणगावात दसऱ्याच्या सुमारास साचे सजवायचे आणि बायकामुलांना आत सोडायचे ही रीत खरीच होती; आमच्या चाळीतली म्हातारी माणसे अजून त्या दिवसाच्या फुग्यांबद्दल आणि तेलाच्या वासाबद्दल बोलतात. मग एके दिवशी आई जाते, कायमची. पाच भावंडे एकमेकांना धरून रात्र जागून काढतात आणि सकाळी अगदी मोकाट, भटकी झालेली असतात.

चरित्राच्या दृष्टीने या कवितेतले जवळजवळ काहीच जुळत नाही. कवी पाच भावंडांतला एक नव्हता. त्याची आई काशीबाई गिरणीत काम करायची हे खरे, पण ती गिरणीत गेली नाही. ती नवऱ्याबरोबर गावी गेली. तरीही सुर्व्यांनी बालपणाबद्दल जे जे सांगितले, त्यांत मला ही कविता सगळ्यात उघडी वाटते. कारण हिच्यात ‘माझे विद्यापीठ’मध्ये नसलेली गोष्ट आहे: मुलाला आई होती, आणि ती गेल्यावर तो मोकाट झाला. आधी घर होते, मग रस्ता. विद्यापीठाच्या कवितेत रस्ता पहिल्यापासूनच आहे, त्यामुळे तिथे काही गमावल्याची बोच नाही, फुटपाथावरचा एक प्रकारचा रुबाब आहे. आईच्या कवितेत गमावणे आहे.

इथे मी थोडे धाडस करून एक मत मांडतो. या मुलाला दोनदा सोडले गेले. पहिल्या वेळेची त्याला आठवण असणे शक्य नाही. दुसऱ्या वेळची असणारच. दहा-बारा वर्षांचे मूल विसरत नाही. गंगाराम-काशीबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. निवृत्त गिरणी कामगाराला मुंबईत राहणे परवडत नसे, मुंबई ही कमावण्याची जागा आणि गाव ही म्हातारपणाची, हा त्या पिढीचा सर्वसाधारण हिशेब होता. मुलगा कमावण्याच्या वयाला येऊन ठेपला आहे असेही त्यांना वाटले असेल. गिरणगावात त्या वयाची पोरे कामाला लागतच. पण मुलाला हा हिशेब कसा पटावा? ज्यांचे आपल्यावर उपकार आहेत, त्यांनीच आपल्याला मागे ठेवले, हे वाक्य उच्चारणे कोणत्याही माणसाला जड जाईल. ते कृतघ्नपणाचे वाटेल. आईच्या कवितेने ते न उच्चारता सोडवले आहे. तिथे आई सोडून जात नाही. गिरणी तिला घेऊन जाते. दोष यंत्राचा, मालकाचा, व्यवस्थेचा. काशीबाई निर्दोष राहते, आणि मुलाचे रडणे मात्र पुरते रडून होते. कम्युनिस्ट पक्षात आणि कामगार चळवळीत वाढलेल्या कवीला हा मार्ग सुचला यात नवल नाही. सुर्व्यांच्या विचारसरणीने त्यांची कविता आखडली असे म्हणणारे समीक्षक आहेत. निदान या एका ठिकाणी विचारसरणीने त्यांना मनातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलायला जागा करून दिली, असे माझे वाचन आहे.

कबुलीतली अवघड गोष्ट अशी दुसऱ्या घरात नेऊन ठेवण्याची उदाहरणे जागतिक साहित्यात आहेतच, आणि योगायोगाने त्यांतले एक थेट गॉर्कीचे आहे. कझानमध्ये असताना, १८८७ मध्ये, गॉर्कीने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. ‘माझी विद्यापीठे’ त्याच वर्षांबद्दल आहे. वाचक तिथे या प्रसंगाची वाट पाहतो आणि गॉर्की तो एका दमात उरकतो; या गोष्टीची कारणे मी एका कथेत लिहायचा प्रयत्न केला होता, असे सुचवून पुढे सरकतो. ती कथा मकार नावाच्या तरुणाची, आत्मचरित्राच्या दहा-अकरा वर्षे आधीची. म्हणजे ज्याला आपण निर्भीड आत्मकथनाचा आदर्श मानतो, त्यानेही सगळ्यात खोल जखम दुसऱ्याच्या नावावर केली.

सुर्व्यांनीही हे आणखी एकदा केले, आणि त्याकडे फारसे कोणी वळत नाही. त्यांनी कृश्न चंदर यांची कादंबरी मराठीत आणली, ‘दादर पुलाकडील मुले’ या नावाने, १९७५ मध्ये. देव लहान मुलाचे रूप घेऊन मुंबईत येतो आणि दादरच्या पुलाजवळच्या रस्त्यावरच्या पोरांमध्ये वावरतो, अशी ती कल्पना. अनुवादाची कामे चरित्राच्या शेवटी ‘इतर लेखन’ म्हणून एका ओळीत जातात. पण क्षणभर विचार करा: मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलाच्या आयुष्याबद्दल हा कवी गद्यात सलग, तपशिलाने, पानामागून पाने लिहितो, तेव्हा ते गद्य तो उर्दूतून उचलतो. बूटपॉलिश, भुरटी चोरी, गिऱ्हाइके, पुलाखालची झोप, पोलिसाचा दांडका, या सगळ्याला मराठी शब्द शोधताना त्यांना शब्दकोश उघडावा लागला नसेल. तो त्यांचा स्वतःचा शब्दसंग्रह होता. दहा रुपयांचे पुढे काय झाले, या माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर जर कोठे जवळपास असेल, तर ते या अनुवादाच्या शब्दनिवडीत आहे, असे मला वाटते. एखाद्या अभ्यासकाने मूळ उर्दू आणि हा अनुवाद शेजारी ठेवून पाहावा, पीएच.डी.चा विषय म्हणून कृतज्ञता सोहळ्यांपेक्षा बराच उपयोगी ठरेल.

पुन्हा ‘माझे विद्यापीठ’कडे. तिच्या मध्यात याकूब नालबंदवाला येतो. घोड्याच्या टापांना नाल ठोकणारा, हसणारा, जगाबद्दल चार शहाण्या गोष्टी सांगणारा. तो दंग्यात मारला जातो. कवी म्हणतो त्याचा मथितार्थ असा की नाते काही नव्हते, तरी डोळे थांबेनात. पहिल्या दोन-तीन कडव्यांत नातलग नसल्याचे जे इतके ठासून सांगितले, त्याचा उपयोग इथे कळतो. रक्ताचे नाते आधी वजा करून टाकायचे, म्हणजे याकूबसाठीचे रडणे कोणत्याही नात्याच्या खात्यावर मांडता येत नाही. ते निखळ राहते. मला वाटते गंगाराम आणि काशीबाई या कवितेतून वगळले गेले ते विस्मरणाने नव्हे आणि रागानेही नव्हे. कवितेला असा एक मुलगा हवा होता ज्याला प्रत्येक माणूस नव्याने मिळवायचा आहे. त्या मुलासाठी सुर्व्यांनी स्वतःच्या बालपणातली सगळ्यात चांगली दहा वर्षे सोडून दिली. ही किंमत मोठी आहे. तिची दखल न घेता ‘कवीने आपले जळजळीत अनुभव मांडले’ असे लिहिणे म्हणजे दुकानदाराने माल न तोलता पावती फाडण्यासारखे आहे.

उघडपणाने बोलायला मराठीत नेहमी कोणीतरी ऐकणारे लागते, असा माझा आणखी एक समज या वाचनातून तयार झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या शीर्षकातला ‘गा’ पाहा. संतांच्या बोलीतले ते संबोधन आहे. समोर कोणी बसलेला असल्याशिवाय ते तोंडात येत नाही. सुर्व्यांच्या पुष्कळ कवितांत असा कोणी ना कोणी समोर असतो: मास्तर, बाई, शेजारी, कॉम्रेड. मार्क्स भेटल्याची कविता घ्या. पहिल्या संपाच्या आठवणीतून सुरू झालेली ती कविता मार्क्सला सभेत आणून बसवते आणि शेवटी त्याच्याकडून कवितेची आवड कबूल करून घेते. गटेचे नाव निघते. आपण राजकारणात कसे आलो हे सांगताना इतका मिस्कीलपणा मराठीत दुसऱ्या कोणाला साधलेला मला दिसत नाही.

हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्येही असा श्रोता आहे. शीर्षक त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाचे, १९५९ चे. पण १९७० च्या आत्मकथनाला ते शब्दशः लागू पडते. त्या सांगत गेल्या, अरुण साधू यांनी ऐकून लिहिले. आणि दया पवार यांच्या १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये तर सांगणारा आणि ऐकणारा एकाच माणसातून काढले आहेत: दगडू मारुती पवार बोलतो, लेखक दया पवार ऐकतो. दगडूला जे बोलता येते ते दया पवारांना, प्रतिष्ठित कवीला, नोकरदाराला, बोलता आले नसते. ‘बलुतं’मधला प्रामाणिकपणा सर्वांनी वाखाणला. त्यात मला एक उणीव वाटते. बायकोवरचा संशय आणि मोडलेला संसार दगडू लपवत नाही, हे धैर्यच. पण त्या सगळ्या पानांत सईचे म्हणणे काय होते ते ऐकायला दगडूही थांबत नाही आणि दया पवारही. दोन पुरुष आपसांत बोलत असतात. आतल्या खोलीत कोण आहे याची चौकशी होत नाही.

सुर्व्यांच्या बाबतीत ती आतली खोली उशिरा का होईना उघडली. कृष्णाबाई सुर्वे यांनी ‘मास्तरांची सावली’मध्ये आपले आयुष्य सांगितले, तेही दुसऱ्याने शब्दांकित केलेले, म्हणजे पुन्हा सांगणारी आणि ऐकणारे. शीर्षकाबद्दल माझी कुरबुर आहे. सावली हे स्वतःचे वर्णन कोणी बाई सहज करत नाही. आपण तिला ते करायला शिकवलेले असते. शिवाय हे पुस्तक आपण वाचतो ते मास्तरांबद्दल आणखी काही कळेल म्हणून. पण एवढे निश्चित: दंतकथेत रस्त्यावर एकटा मुलगा असतो आणि पुढे एकटा कवी. कृष्णाबाईंचे पुस्तक हातात घेतले की रस्त्यावर दोन माणसे दिसू लागतात, आणि त्यांतल्या एकाला संध्याकाळची चूल पेटवायची असते. कवी कार्यक्रमाला गेला की घरात काय उरायचे, या प्रश्नाला सुर्व्यांच्या समीक्षेत अद्याप जागा नाही. ती व्हायला हवी.

हे सगळे मी का लिहितो आहे त्याचे एक कारण साहित्याबाहेरचे आहे. काही वर्षे आमच्या भागात तरुणांच्या आत्मपर लेखनाची एक लहानशी स्पर्धा होते आणि त्यातल्या वह्या माझ्याकडे वाचायला येतात. लिहिणारी मुले-मुली गिरणी कामगारांची नातवंडे, माथाडी कामगारांची मुले, ट्रान्झिट कॅम्पात वाढलेली. भाषा स्वच्छ असते. पण बहुतेक वह्यांत एक ‘दहा रुपयांचा’ प्रसंग असतो: सगळ्यात वाईट दिवस, सगळ्यात मोठा अपमान, डोळे भरून येतील अशा बेताने रचलेला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे चार ओळींत उरकलेले. वर्षभर पहाटे उठून परीक्षेचा अभ्यास केला, हे सांगायला त्यांना लाज वाटते. त्यात काही विशेष नाही असे वाटते. एका मुलीने आईबद्दल सुंदर पान लिहिले होते आणि मग ते खोडून तिथे वडिलांची दारू घातली होती. खोडलेले पान वहीतच होते, म्हणून मला वाचता आले. दारू खरी होती यात शंका नाही. पण आपल्या आयुष्यातले विकले जाणारे काय आहे, याचा अंदाज विशीतल्या मुलीला कोणी दिला? आम्ही दिला. सत्काराच्या भाषणांनी, पाठ्यपुस्तकातल्या कवी-परिचयांनी, वर्गात आधी चरित्र आणि मग कविता सांगणाऱ्या आम्ही मास्तरांनी.

सुर्व्यांच्या कवितेतून या मुलांना शिकण्यासारखे काही असेल तर ते हे, की त्यांनी आपले दुःख वाटून दिले. शेतकरीण, पाच भावंडे, नालबंद, कृश्न चंदरांची पोरे. स्वतःच्या नावावर त्यांनी फुटपाथाचा रुबाब तेवढा ठेवला. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि १६ ऑगस्ट २०१० ला ते गेले तोवर ‘अनाथ मुलगा ते संमेलनाध्यक्ष’ ही ओळ पक्की झाली होती. तिच्यातला ‘अनाथ’ हा शब्द ते चालवून घेत राहिले. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर केलेल्या चित्रपटाचे नाव मात्र संपूर्ण आहे: ‘नारायण गंगाराम सुर्वे’. शाळेच्या दाखल्यावर असते तसे. त्या नावातला ‘सुर्वे’ गंगारामांचा, ‘गंगाराम’ तर त्यांचाच, आणि ‘नारायण’ हेही त्याच घरात ठेवलेले. काशीबाईंचे नाव आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यात कोठेच बसत नाही. तिच्यासाठी ती गिरणीची कविता आहे, जिच्यात ती भोंग्यासरशी निघते, पाच पावले जाते आणि मागे वळून पाहते.